मधलं काही आठवतं का

त्या बाईनं माझा हात दाबला, आणि क्षणभर थांबून पुन्हा एकदा दाबला. यात दचकण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं, कारण ऐकू येत असेल तर हात दाबा असं तिच्या कानाशी मीच सांगितलं होतं आणि दुखत असेल तर दोनदा दाबा हेही माझंच वाक्य. पण त्या वेळी तिचं पोट उघडं होतं, पापण्यांवर चिकटपट्ट्या होत्या, श्वास यंत्र घेत होतं, आणि पडद्यापलीकडे सर्जन नव्या गाडीच्या मायलेजबद्दल असिस्टंटचं डोकं खात होता. मी भूलतज्ज्ञ आहे. पण गेले काही महिने, आठवड्यातले ठरलेले दिवस, मी भूल देत नाही, नुसती हात धरून बसते. संशोधन चाललंय आमचं. भूल देताना स्नायू सैल पाडायचं एक औषध देतात, त्यामुळे आत माणूस जागा झाला तरी त्याला बोटसुद्धा हलवता येत नाही. तो गप्प पडून आहे याचा अर्थ तो झोपलाय, असं आपण आपलं धरून चालायचं. म्हणून ते औषध द्यायच्या आधी आम्ही एका हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा घट्ट आवळतो. औषध सगळ्या अंगात जातं, त्या हातात जात नाही. बाकीचं घर कुलूपबंद आणि एक खिडकी उघडी. त्या खिडकीशी मी. ऑपरेशन थिएटरात मला हातवाली म्हणतात, तोंडावर हातवाल्या बाई. मी आत शिरले की सर्जन म्हणतो, या, आल्या, आता आमचं भविष्य सांगा. हा विनोद तो दर वेळी करतो आणि दर वेळी स्वतःच हसतो.

बहुतेक हात काही म्हणत नाहीत. काही हात एकदा दाबतात, म्हणजे ऐकतोय बाई, बोला. हे इतक्यांदा होतं की पहिल्या दिवसांत मला रात्रीचं जेवण जायचं नाही. मग सवय झाली. दोनदा दाबणारे फार थोडे. या बाईचा हात शिवणकाम करणारीचा होता, तर्जनीच्या टोकाला सुयांनी खरखरीत झालेला, आणि तिनं दाबलं ते काही थरथरणं नव्हतं, अगदी विचारपूर्वक दाबलं होतं, दुकानात गिऱ्हाईक हळूच कोपराला धरून बाजूला घेतं तसं. मी मान वर करून आमच्या पोराकडे बघितलं. पोरगा म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर, आता त्याला पोरगा म्हटलेलं आवडत नाही. त्यानं लगेच भूल वाढवली, वेदनेचं औषध दिलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. हात हळूहळू सैल पडत गेला आणि मग माझ्या तळव्यावर नुसताच राहिला. सर्जनची गाडी तोवर चढावर आली होती.

ती शुद्धीवर आल्यावर मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावर पहिलं काय? मधलं काही आठवतं का? ती हसली. म्हणाली, काय झोप लागली हो डॉक्टर, कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. घरी असं काही मिळत असेल तर लिहून द्या. तिचा नवरा मागे उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं माझे आभार मानले. मी 'मधलं काही नाही' अशी नोंद केली आणि बाहेर येऊन हात धुतले. पाण्याखाली हात धरून जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, आम्हालाही धुवायचेत.

दुपारी आमची मीटिंग होती. अभ्यासाचे मोठे सर शांत माणूस, आवाज चढवत नाहीत, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही. प्रश्न असा होता की ज्यांनी हात दाबला पण ज्यांना काही आठवत नाही त्यांना कुठे धरायचं. सर म्हणाले, आठवत नाही म्हणजे पेशंटच्या दृष्टीनं ते घडलंच नाही. त्रास कुणाला झाला, सांगा बघू? मी म्हटलं, तेव्हा झाला त्याचं काय? ते म्हणाले, तेव्हा होता तो माणूस आता कुठे आहे? मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझं हे नेहमीचंच आहे, चांगली उत्तरं मला जिन्यात सुचतात. त्या दिवशी जिन्यातही सुचलं नाही. टेबलावर घ्यायच्या आधी प्रत्येक पेशंटला आपण म्हणतो, घाबरू नका, तुम्हाला काही कळणार नाही. सगळे तेच म्हणतात. खरं म्हणजे आपण कबूल करत असतो ते एवढंच, की तुम्हाला काही आठवणार नाही. या दोन गोष्टींच्या मधे कुणीतरी असतं, थोडा वेळ असतं, आणि मग नाहीसं होतं. घरी जाताना बस सगळी भरलेली होती, मी दांडीला धरून उभी होते, आणि ज्या हातानं दांडी धरली होती तोच तो हात आहे हे मला पुनःपुन्हा जाणवत होतं. आणि मग, कसलाही संबंध नसताना, म्हणजे मी इतके दिवस तो संबंध लावायचा टाळत असताना, मला नाना आठवले.

नाना म्हणजे माझे वडील. ते माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे असतात. खरं तर घर नानांचंच आहे, दादा आणि वहिनी त्यांच्याकडे राहतात, पण कोण कुणाकडे राहतं हे आता नानांनाही सांगता येत नाही. विसरायला लागल्याला बरेच दिवस झाले. त्यात पायाचं रक्त कमी पडलं आणि घोट्यावर जखम झाली, खोल, हट्टी. ऑपरेशन झेपायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. तेव्हा रोज सकाळी अंघोळ झाली की सिस्टर येते आणि ड्रेसिंग करते, जुनी पट्टी सोडवायची, मेलेलं ते खरवडून काढायचं, धुवायचं, नवी बांधायची. दुखतं. रक्त कमी पडलेल्या जखमा फार दुखतात, हे मला कुणी सांगायला नको. वरून लावायची मलमं लावून झाली. मांडीमागून बारीक नळी घालून नुसता पाय बधिर ठेवून बघितला. दुपारी नानांनी ती उपटून काढली आणि वहिनीला विचारलं, ही वायर कुणाची? शेवटी मी वेदनेच्या औषधाचे थेंब सुरू केले, ड्रेसिंगच्या जरा आधी द्यायचे. नाना शांत झोपले. ते दिवस मावळेपर्यंत झोपूनच राहिले. थेंब कमी केले तर दुखणं तसंच, झोप तेवढी यायची. ड्रेसिंग दुपारवर नेलं तर नाना रात्रभर जागे, घरभर फिरले आणि पडले. दोन दिवसांनी दादानं मला न विचारता थेंब बंद केले आणि मग फोन केला. म्हणाला, नुसते पडून असतात गं, हे काय जगणं झालं? आणि दुखतं म्हणतेस, ते पाच मिनिटांत विसरून जातात. मी आत येतो तेव्हा हसत असतात. तुमच्या धंद्यातही तेच चालतं ना? मी दोन ऑपरेशनांच्या मधे होते. बघू म्हटलं आणि फोन ठेवला.

दादाला नाना सकाळी जागेच का हवे होते हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी बघू म्हटलं होतं. नानांचं चष्म्याचं दुकान होतं. छोटंसं, रस्त्याच्या वळणावर, आत भिंतभर आरसा आणि उतरत्या अक्षरांचा तक्ता. नाना नुसते विकायचे नाहीत, काच स्वतः घासायचे, आणि माणूस दारात उभा राहिला की त्याच्या नाकाकडे बघून कुठली फ्रेम बसेल ते सांगायचे. माझ्या लग्नात मुलाकडच्या सगळ्यांची नाकं त्यांनी तपासली होती. मग कंप्युटरवाली मोठी दुकानं आली, गिऱ्हाईक आटलं, नाना काही ऐकेनात. त्यांना हृदयाचा झटका आला, ते हॉस्पिटलात होते, सह्यांचे अधिकार दादाकडे होते, आणि त्या दिवसांत दादानं दुकान विकलं. घरी आल्यावर सांगितलं. दादाचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच नानांनी त्याला कधी माफ केलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते त्याच्याशी बोलले नाहीत. एका घरात, एका टेबलावर जेवून. आई होती तोवर आई टपाल पोचवायची. त्याला म्हणावं पंखा बंद कर, आणि तो हाताच्या अंतरावर बसलेला. आई गेल्यावर ते काम वहिनीकडे आलं. घरात तिसरं कुणी नसलं तर नाना मांजराला सांगायचे, आणि दादाही मांजरालाच उत्तर द्यायचा, आणि ते बिचारं जनावर दोघांकडे आळीपाळीनं बघत बसायचं. आम्ही यावर फार हसायचो. दादाच्या डोक्यावरचे केस त्याच वर्षांत गेले, आणि एकदा बोलता बोलता तो मला म्हणाला होता की मला नानांचा आवाज फक्त बाजूनं ऐकू येतो.

विसरायला लागल्यावर नानांचं आधी अलीकडचं गेलं. भाडेकरू गेले, शेजारी गेले, आईचं जाणं गेलं. आणि त्या सगळ्याबरोबर दुकानाची विक्रीही गेली, भांडणही गेलं. एक दिवस सकाळी चहा घेताना त्यांनी सरळ दादाकडे बघितलं आणि म्हणाले, काय रे बबड्या, दुकान उघडलंस का? बबड्या त्याला मिसरूड फुटण्याआधी म्हणत असत. दादा म्हणाला, उघडलं नाना. वहिनीनं मला फोन केला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. तेव्हापासून ते रोजचं झालं. सकाळचा तो तासभर नानांचं डोकं लख्ख असतं, निदान त्यांच्या परीनं. ड्रेसिंग होतं, ते खिडकीशी खुर्चीत बसतात, दादा ऑफिसला उशिरा जातो आणि त्यांना दुकानाची हकिगत देतो. आज एक मास्तर आले होते, नंबर वाढलाय. एक मुलगी गोल फ्रेमच हवी म्हणून हटून बसली, तिचा चेहरा आधीच गोल. नाना म्हणतात, दे तिला गोल, आठ दिवसांनी परत येईल. दादाला कधी चष्म्यातलं ओ की ठो येत नव्हतं. आता तो ऑफिसात बसून उद्याची गिऱ्हाइकं तयार करतो, असं वहिनी सांगते. दुपारपर्यंत सगळं धूसर होतं. मग बबड्या कोण, हे घर कुणाचं, काही नाही.

शिवणकामवाल्या बाईच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच गेले. एरवी मी रविवारी दुपारी जाते, त्यामुळे ड्रेसिंगच्या वेळी मी त्या घरात कधीच नव्हते. वहिनी शाळेत गेली होती, ती शिकवते. दादा दूध आणि पेपर आणायला निघत होता. सिस्टर आली की तो निघतो, त्याला रक्त बघवत नाही, लहानपणी माझा गुडघा फुटला तरी चक्कर त्याला यायची. सिस्टर चांगली आहे, हाताला हलकी, तोंडानं गोड. तिनं पट्टी सोडवायला घेतली. नानांनी आधी तिच्याकडे कुतूहलानं बघितलं. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, श्वास अडकत अडकत यायला लागला, मुठी वळल्या. ज्यांना सांगता येत नाही त्यांचं दुखणं असंच मोजतात, चेहऱ्यावरून, श्वासावरून, मुठींवरून; मी मनात मोजायला सुरुवात केली, सवयीनं, आणि मग मोजणं सोडून दिलं. ते आईला हाका मारत होते. माझ्या आईला नाही, त्यांच्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, मी काय केलंय? असं विचारलं, की जणू मी शिक्षा देणाऱ्यांपैकी आहे आणि मला कारण माहीत असणार. मी हात धरला. त्यांनी तो इतक्या जोरानं आवळला की माझी अंगठी बोटात रुतली. सिस्टर म्हणत राहिली, झालं हं नाना, झालं हं, आणि झालेलं काही नव्हतं.

मग खरंच झालं. सिस्टरनं नानांचं तोंड पुसलं, केस विंचरले, त्यांना स्वच्छ शर्ट घातला. नानांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, हे काय लागलंय गं? अगदी सहज, दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल विचारावं तसं. गालावर अजून ओल होती. तेवढ्यात कुलूप वाजलं, दादा आत आला, पिशवी टेबलावर ठेवत म्हणाला, काय शेठजी? आणि नानांचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे बघितलं. दुकान उघडलंस का? उघडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तो तासभर बघितला. त्या दिवशी एक म्हातारं जोडपं आलं होतं म्हणे दुकानात, दोघांत एकच चष्मा वापरणारं. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि दादानं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि फिरवतच राहिला. त्या माणसाकडून ते काढून घ्यायचं होतं, आणि ते मी काढून घ्यायचं होतं. मला माझ्या सगळ्या शिक्षणाचा राग आला.

नाना पेंगायला लागल्यावर मी दादाला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तो कप धूत होता, धुतलेलाच कप पुन्हा धूत राहिला. म्हणाला, तू एक दिवस बघितलंस, मी रोज बघतो, रोज हसत असतात. मी म्हटलं, तू नंतर येतोस. तो म्हणाला, नंतरचंच खरं ना मग? त्यांना विचार, पाय दुखला का, नाही म्हणतील. लक्षातच नाही तर ते दुखणं गेलं कुठे, दाखव मला. मोठ्या सरांना द्यायला न सुचलेलं उत्तर मला तेव्हा, जिन्यात नाही, नळ चालू असताना सुचलं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

"दादा, तू त्यांच्याशी बोलतोस तेही ते दुपारपर्यंत विसरतात. मग ते बोलणं झालंच नाही म्हणायचं का?"

त्यानं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझं काय जातंय," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलायचे ते कधी थांबले नव्हते."

खरंच होतं ते. त्या सगळ्या वर्षांत नाना माझ्याशी सरळ बोलत होते, माझं तोंड बघून, माझ्या नावानं. मी लाडकी होते आणि मला ते फुकट मिळालं होतं. मी पिशवी खांद्याला लावली आणि एवढंच म्हटलं की उद्या दूध उशिरा आण. त्यानं कप उपडा घातला. परतताना मी बसला न थांबता चालत गेले, दोन्ही बाजूंनी दुकानं उघडत होती, शटर वर जाताना आवाज करत होती, आणि मला वाटत होतं की मी हे सोडून द्यावं. काय बिघडतं? नाना विसरतात. दादा सुखी आहे. मी एकटीच आहे जिला ते आठवणार, आणि माझ्या आठवणीला विचारतो कोण? हात धरून बसायचं माझं कामच आहे. पण ती शिवणकामवाली बाई दोनदा दाबून थांबली होती ना, ती उत्तराची वाट बघत थांबली होती. मधल्या त्या वेळातल्या माणसाला नंतरचा माणूस कामाला येत नाही. त्याला तिथे, तेव्हा, कुणीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा दादा नानांच्या शेजारी बसला होता. दाढी केलेली, ऑफिसचे कपडे, चेहरा पांढराफटक. मी त्याला म्हटलं, जखमेकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. सिस्टरनं सुरुवात केली. दादानं नानांचा हात दोन्ही हातांत घेतला. पट्टीचा शेवटचा थर निघाला तसे नाना कण्हले, मग ओरडले, पाय ओढून घ्यायला लागले, सिस्टरनं मला खुणावलं आणि मी पाय धरला. दादा सारखा म्हणत होता, नाना, मी आहे, मी बबड्या, इकडे बघा. नानांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण सभ्यपणा होता, दुकानात नवीन गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा. ते धापा टाकत होते तरी अहोजाहो करत होते.

"अहो, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. यांना जरा थांबायला सांगा. माझा मुलगा येईल इतक्यात. तो असता तर त्यानं हे होऊ दिलं नसतं."

दादानं त्यांच्यावरची नजर काढली नाही. हातही सोडला नाही. सिस्टरचं काम व्हायला अजून वेळ होता आणि तो वेळ गेला, कसा गेला ते मी लिहिणार नाही. मग तोंड पुसणं, केस विंचरणं, शर्ट. नानांनी इकडे तिकडे बघितलं, दादा दिसला, चेहरा फुलला. आलास? दुकान उघडलंस का रे? दादा उठला, बेसिनशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून नळ सोडून उभा राहिला. मी म्हटलं, उघडलंय नाना, गर्दी आहे आज. ते समाधानानं म्हणाले, असणारच. दादाचे खांदे हलत होते. तो पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, मी त्याला असं रडताना आईच्या वेळीही बघितलं नव्हतं. ऑफिसला निघताना दारात चपला घालत तो म्हणाला, उद्या ते थेंब घेऊन ये. मग थोडं थांबून म्हणाला, मीच देईन.

तिसऱ्या दिवशी मी थेंब मोजून चमच्यात घातले आणि चमचा त्याच्या हातात दिला. औषध चढायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांचा होता. त्यानं सिस्टरला बाहेर बसायला सांगितलं. मी जात होते तर मला म्हणाला, तू थांब. नानांनी तोंड उघडून औषध घेतलं, लहान मूल घेतं तसं, कशाचं म्हणून विचारलंही नाही. कडू आहे रे, म्हणाले. दादा म्हणाला, हो नाना, कडूच आहे. मग त्यांनी दुकानाचं विचारलं आणि दादानं सांगायला सुरुवात केली, पण त्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकं तयार करून आणली नसावीत, कारण तो अडखळत होता, एकाच माणसाला दोनदा दुकानात आणत होता. नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी हात उचलून त्याच्या डोक्यावरून, जिथे पूर्वी केस होते तिथून, फिरवला.

"दमलास रे तू," नाना म्हणाले. "बबड्या, दुकानाचं एक तुला सांगायचं राहिलंय. किती दिवस मनात आहे बघ..."

दादा पुढे सरकून बसला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती, ताठ. नानांनी ओठ हलवले, काहीतरी जुळवत असल्यासारखे, आणि पापण्या खाली आल्या. वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. औषध बरोबर वेळेवर चढत होतं. माझं कामच ते, ते चुकत नाही. ते काय सांगणार होते कुणास ठाऊक. कुलूप तेलानं सैल करून ठेव असं काहीतरी असेल. किंवा नसेल. त्या खोलीत जागे आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही एकच वाटलं असणार. मला राहवलं नाही, म्हणजे खरं ते सांगणं भाग होतं.

"दादा, आत्ता जोरात हाक मारलीस तर उठतील. अर्धवट उठतील, पण बोलतील. जरा वेळानं नाही उठायचे. आज मात्र मग झोप मोडली की मोडली, ड्रेसिंग तसंच, जागेपणी करावं लागेल."

त्यानं नानांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं तो हलवणार. त्याचं तोंड उघडलं होतं, हाक घशाशी आलेली मला दिसत होती. 'नाना' एवढं म्हणायला लागतो तेवढाच श्वास हवा होता. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवून थांबलं. नानांचा खालचा ओठ थोडा लोंबला होता आणि ते घोरायला लागले होते, अगदी हलके. दादानं खांद्यावरचा हात काढला, त्यांची मान उशीवर सरळ केली, शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग दाराकडे न बघताच, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "सिस्टर, या. सुरू करा."

सिस्टर आली, तिनं हातमोजे घातले, पट्टीचं टोक शोधलं. दादा या वेळी हात धरून बसला नव्हता. तो खाली वाकून नानांच्या कपाळाकडे बघत होता, शेवटचा थर निघाला तेव्हाही, खरवडायला लागली तेव्हाही. कपाळावर एक आठी आली नाही.